नीट पाहणारे, नोंद ठेवणारे शिक्षक : डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर



परिसर अभ्यासात 'आपल्या भोवतालच्या वनस्पती' शिकवायला घेतल्या की एक गोष्ट ठरलेली असते. दुसऱ्या दिवशी मुलं बांधावरून, नाल्याच्या काठावरून मूठ मूठ पाला घेऊन येतात आणि टेबलावर ठेवून नाव विचारतात. आपल्याला चार-पाच नावं येतात. बाकीच्यांना आपण 'रानगवत' म्हणून मोकळे होतो.

आमच्या धर्माबादसारख्या सीमेवरच्या गावात तर अजून एक गंमत असते. गणपतीच्या पत्रीत असणारा आघाडा घ्या. मराठी घरातलं लेकरू त्याला आघाडा म्हणतं, तेलुगू बोलणाऱ्या घरातलं उत्तरेणी म्हणतं, हिंदी बोलणारं चिरचिटा म्हणतं. तिघंही बरोबर असतात. झाड एक, नावं तीन. उलटही होतं. ब्राह्मी हे नाव आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या वनस्पतींना लावतात. एकीची पानं लहान आणि मांसल असतात, दुसरीची गोल, मूत्रपिंडाच्या आकाराची. नाव एक, झाडं दोन. औषध म्हणून आणायला गेलेल्या माणसाच्या हाती नक्की काय पडेल, हे मग सांगता येत नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या चवदार लागतात म्हणून मुलं खातात आणि मग उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात दाखल होतात, अशा बातम्या महाराष्ट्रातल्या शाळांमधून अधूनमधून येत असतात. कित्येक गावांत हे झाड कुंपणालाच लावलेलं असतं. ज्या मुलाला झाड ओळखता येतं, ते त्या बीला हात लावत नाही. म्हणजे झाड ओळखणं हा जीव वाचवणारा धडा आहे.

मग झाड ओळखायचं कुणी? हौशी माणसानं की तज्ज्ञानं? या प्रश्नाचं चांगलं उत्तर एका मराठी शास्त्रज्ञाच्या आयुष्यात सापडतं. ते म्हणजे डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर.

आधी नावाचा घोळ मिटवू

आघारकर म्हटलं की पुष्कळांना सुधारक गोपाळ गणेश आगरकर आठवतात. ही दोन वेगळी माणसं आहेत. आगरकर हे 'सुधारक' पत्राचे संपादक, टिळकांचे समकालीन. आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ. गंमत म्हणजे पुण्यात आघारकरांच्या नावाची संशोधन संस्था ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्याला गोपाळ गणेश आगरकरांचं नाव आहे. एका अक्षराच्या फरकानं माणूस बदलतो. वनस्पतींचंही तसंच असतं. पानाच्या कडेला दाते आहेत की नाहीत, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, एवढ्या फरकानं झाड बदलतं. वर्गात हे उदाहरण जरूर सांगा, मुलांच्या चांगलं लक्षात राहतं.

जन्म आणि शिक्षण

आघारकरांचा जन्म 18 नोव्हेंबर 1884 रोजी मालवणला झाला. एकीकडे समुद्र, दुसरीकडे सह्याद्री, असा तो मुलूख. पुढे ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि 1910 च्या सुमारास त्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले.

त्या काळी जीवशास्त्राचा शिक्षक होणं म्हणजे काय होतं, हे समजून घ्यायला हवं. भारतातल्या झाडांवरचे मोठे ग्रंथ होते, पण ते इंग्रजीत आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेले. जोसेफ हूकर यांचा ब्रिटिश भारताच्या वनस्पतींवरचा सात खंडांचा ग्रंथ 1897 मध्ये पूर्ण झाला होता. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा थिओडोर कुक यांचा ग्रंथ 1901 पासून पुढच्या काही वर्षांत भागाभागानं निघाला. इथल्या झाडांचे वाळवलेले कितीतरी नमुने लंडनजवळच्या क्यू या बागेत ठेवलेले होते. आपल्या डोंगरातल्या झाडाची खात्री करायची तर समुद्रापलीकडे विचारावं लागे. अशा दिवसांत हा तरुण शिक्षक सुट्टी मिळाली की पश्चिम घाटात भटकायला जायचा. झाडं गोळा करायचा, पाण्यातले जीव गोळा करायचा.

नदीतला अनोळखी पाहुणा

या भटकंतीतूनच त्यांचं नाव जगापुढे आलं, आणि तेही झाडामुळे नाही! पश्चिम घाटातून कृष्णेकडे वाहत येणाऱ्या पाण्यात त्यांना एक जीव दिसला. पारदर्शक, छत्रीच्या आकाराचा, एखाद्या नाण्याएवढा. तो होता जेलीफिश. जेलीफिश समुद्रात असतात हे मालवणच्या मुलाला कुणी सांगायची गरज नव्हती. पण हा तर गोड्या पाण्यात, समुद्रापासून दूर, घाटाच्या पूर्वेला होता. या जातीच्या गटातले जीव तोवर फक्त आफ्रिकेतल्या गोड्या पाण्यात माहीत होते.

इथे जरा थांबून विचार करू या. ते पाणी काही निर्मनुष्य नव्हतं. तिथं माणसं कपडे धूत असतील, गुरं पाणी पीत असतील, मुलं पोहत असतील. तो जीव कितीकांनी पाहिलाही असेल. पण हे इथं असायला नको होतं, ही शंका यायला आधी काय कुठं असतं हे माहीत असावं लागतं. आघारकरांना ती शंका आली. आणि शंका आल्यावर त्यांनी जे केलं, ते आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. ते मनानंच नाव देऊन मोकळे झाले नाहीत. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये डॉ. नेल्सन अ‍ॅनंडेल हे प्राणिशास्त्राचे मोठे जाणकार होते. नमुना अशा जाणत्या माणसापर्यंत पोहोचला. अ‍ॅनंडेल यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला 'लिम्नोक्निडा इंडिका' असं नाव दिलं. 1912 मध्ये 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात या शोधाची माहिती आली. आघारकरांनी पुढेही त्या जीवाची निरीक्षणं चालू ठेवली आणि ती स्वतः प्रसिद्ध केली.

म्हणजे पाहणारा एक, ओळखणारा दुसरा. एकटा आघारकर असता तर तो जीव म्हणजे सहलीतली एक गंमत होऊन राहिला असता. एकटे अ‍ॅनंडेल असते तर कलकत्त्यात बसून त्यांना सह्याद्रीच्या त्या पाण्यात काय आहे ते कळलं नसतं. हौशी मोठा की तज्ज्ञ मोठा, हा वादच चुकीचा आहे. दोघांमध्ये एक पूल लागतो. नीट जपलेला नमुना आणि नीट लिहिलेली नोंद, हाच तो पूल.

कलकत्ता, बर्लिन आणि महायुद्ध

कलकत्ता विद्यापीठाला रासबिहारी घोष या नामवंत वकिलांनी मोठी देणगी दिली होती. तिच्यातून विज्ञानाची अध्यासनं सुरू झाली. अट अशी की या जागांवर भारतीयच नेमायचे. वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनावर 1914 मध्ये आघारकरांची नेमणूक झाली. पुढच्या अभ्यासासाठी त्यांना युरोपात पाठवण्यात आलं.

ते जर्मनीत पोहोचले आणि पहिलं महायुद्ध पेटलं. भारतीय माणूस म्हणजे ब्रिटिशांचा प्रजाजन, म्हणून जर्मनीच्या लेखी शत्रूचा माणूस. आघारकरांना स्थानबद्ध करण्यात आलं. 1917 मध्ये त्यांची सुटका झाली. त्याच काळात कलकत्त्याचेच भौतिकशास्त्रज्ञ देवेंद्र मोहन बोस हेही बर्लिनमध्ये अडकून पडले होते. घरापासून हजारो मैल दूर, युद्धाचे दिवस, मायदेशी परतायची वाट बंद. पण आघारकरांनी अभ्यास सोडला नाही. अडोल्फ एंग्लर हे त्या काळचे जगातले फार मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि बर्लिनच्या वनस्पती उद्यानाचे संचालक. त्यांच्या हाताखाली काम करून आघारकरांनी 1919 मध्ये बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

बी कुठून कुठं जातं?

त्यांच्या प्रबंधाचा विषय आपल्या चौथी-पाचवीच्या पुस्तकातलाच आहे म्हणा ना! वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींचा प्रसार कसा होतो आणि त्या मुळात आल्या कुठून, याचा त्यांनी शोध घेतला.

हा विषय मराठवाड्यातल्या मुलांना शिकवायला पुस्तकाबाहेर फार जावं लागत नाही. रुईचं बोंड फुटलं की रेशमी धाग्याला टांगलेलं बी वाऱ्यावर उडतं. आघाड्याची टोकदार फळं दांडीवर खाली वळलेली असतात, शेतातून जाणाऱ्याच्या धोतराला, सलवारीला चिकटतात. कुसळ कपड्यात शिरतं आणि आत आत सरकत जातं. गोखरूचे काटे अनवाणी पायाला रुततात. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि बी लेंडीतून दुसरीकडे पडतं. झाडाला पाय नाहीत, पण त्याचं बी वाऱ्याच्या, जनावराच्या, माणसाच्या पायानं गावोगाव फिरतं. कुठली झाडं कुठून कुठवर पसरली, हे बीच्या रचनेवरून समजून घेता येतं. आघारकरांचं काम या जातीचं होतं.

आता कुणी विचारेल, बर्लिनमध्ये राहून भारतातल्या झाडांचा अभ्यास कसा काय होतो? त्याचं उत्तर म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह. फुला-फळांसकट फांदी कागदात दाबून वाळवतात, जाड कागदावर चिकटवतात आणि खाली कोपऱ्यात गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव लिहितात. असा कागद शेकडो वर्षं टिकतो. बर्लिनमध्ये असे लाखो कागद होते. पण 1943 च्या मार्च महिन्यात दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात त्या संग्रहाचा फार मोठा भाग जळून गेला. कुणीतरी कधीतरी डोंगर चढून आणलेलं एकेक पान, ज्यावरून त्या जातीला नाव मिळालं होतं, ते कायमचं गेलं. एकाच ठिकाणी सगळं ठेवलं की असं होतं. ज्याच्या मातीत झाड उगवतं त्याच्या घरीही त्याची नोंद असायला हवी, ही गोष्ट यावरून कळते.

जलपर्णी

कलकत्त्याला परत आल्यावर आघारकरांनी 1946 पर्यंत तिथं वनस्पतिशास्त्र शिकवलं. 1935 मध्ये देशातल्या वैज्ञानिकांची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तेव्हा तिच्या संस्थापक सदस्यांत ते होते.

या काळातलं त्यांचं एक काम आपल्या गोदाकाठच्या लोकांना जवळचं वाटेल. ते म्हणजे जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी माणसांनीच जगभर नेली. बंगालमध्ये तिनं नद्या, खाड्या, भातशेतं व्यापून टाकली. नावा चालेनात, मासे मिळेनात. शेवटी 1936 मध्ये बंगाल सरकारला जलपर्णीविरुद्ध कायदाच करावा लागला. त्याआधी 1930 मध्ये आघारकर आणि त्यांचे सहकारी बॅनर्जी यांनी जलपर्णीचं परागीकरण आणि बी तयार होणं यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता.

वरवर पाहता प्रश्न किरकोळ वाटतो. जलपर्णी तर धाव्यांनी वाढते, एका रोपाची दहा रोपं होतात, मग बीचं एवढं काय? पण शेतकऱ्याला हे लगेच समजेल. जे तण फक्त मुळांनी, धाव्यांनी वाढतं ते मुळा-धाव्यांसकट पूर्ण काढून टाकलं की संपतं. जे तण बीही टाकतं, ते उपटल्यावरही चिखलात बी शिल्लक राहतं आणि पुढं पुन्हा उगवतं. म्हणजे तणाशी लढायचं तर आधी त्याचा स्वभाव ओळखावा लागतो. आज नांदेडजवळ गोदावरीच्या पात्रावर तोच हिरवा गालिचा पसरलेला आपण बघतो.

आपल्या शेतातलं गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस म्हणतात, तेही बाहेरूनच आलेलं. 1950 च्या दशकाच्या मध्यात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढं ते देशभर पसरलं. त्यानं कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, जमीन वाया जाते. नवं झाड गावात आलंय हे कुणाच्या तरी लवकर लक्षात येणं किती गरजेचं असतं, ते यावरून कळतं. आणि ते लक्षात कुणाच्या येणार? रोज त्या बांधावरून जाणाऱ्याच्याच.

पुण्यातली संस्था

1946 मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, आघारकर निवृत्त झाले. त्या वयात माणूस विसावा घेतो. आघारकरांनी नवीन संस्था काढली! कलकत्त्यात 1876 पासून डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी स्थापलेली विज्ञान संस्था काम करत होती. त्याच धर्तीवर पुण्यात 1946 मध्ये महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी उभी राहिली आणि आघारकर तिचे पहिले संचालक झाले. 2 सप्टेंबर 1960 रोजी त्यांचं निधन झालं, तोपर्यंतची चौदा वर्षं त्यांनी या संस्थेला दिली. 1992 मध्ये संस्थेच्या संशोधन केंद्राला त्यांचं नाव देण्यात आलं. ती आजची आघारकर संशोधन संस्था. गहू, सोयाबीन, द्राक्ष यांची वाणं तिथं तयार झाली आहेत, त्यामुळे शेतकऱ्यांना तिचं नाव माहीत असतं. पण तिथं वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रहही आहे, हे कमी लोकांना माहीत असतं.

त्या संस्थेतली दोन अलीकडची उदाहरणं पाहा. काही वर्षांपूर्वी तिथल्या अभ्यासकांनी गेंद या लहानशा वनस्पतीच्या दोन नव्या जाती जाहीर केल्या. त्यातली एक सिंधुदुर्ग जिल्ह्यातली, म्हणजे आघारकरांच्याच जिल्ह्यातली. गेंदाच्या जाती एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की फुलं आणि बी बारकाईनं तपासल्याशिवाय ओळखू येत नाहीत.

दुसरं उदाहरण 2024 चं. पुण्याजवळ तळेगाव दाभाडेच्या गवताळ माळावर एक झाड सापडलं. पावसाळा संपल्यावर ते एकदा फुलतं आणि उन्हाळ्यात माळाचं गवत जळून गेल्यावर पुन्हा फुलतं. सापडल्याबरोबर नवी जात म्हणून जाहीर केलं, असं झालं नाही. काही वर्षं त्याच्यावर लक्ष ठेवलं, त्याची लक्षणं कायम राहतात का ते पाहिलं, क्यू येथल्या तज्ज्ञाकडून खात्री करून घेतली आणि मगच 'डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा' हे नाव मिळालं. शंभर वर्षांपूर्वी आघारकर ज्या वाटेनं गेले, तीच ही वाट. पाहा, थांबा, पुन्हा पाहा, जाणत्याला दाखवा.

आपल्या शाळेत काय करता येईल?

एवढ्या मोठ्या माणसाचं चरित्र सांगून नुसतं धन्य व्हायचं नाही. पुढील गोष्टी कोणत्याही शाळेत खर्चाशिवाय होतात.

1. शाळेच्या आवारातली फक्त दहा झाडं घ्या. रद्दी पेपरमध्ये फूल किंवा फळासकट छोटी फांदी दाबा, वर जाड पुस्तकं ठेवा. पेपर रोज बदला, नाहीतर बुरशी येते.

2. प्रत्येकाखाली चिठ्ठी लावा. गाव, नेमकी जागा, तारीख, गोळा करणाऱ्या मुलाचं नाव, फुलाचा रंग. वाळल्यावर रंग उडतो, म्हणून तो आधीच लिहायचा.

3. घरी जे नाव म्हणतात ते लिहा. मराठी, तेलुगू, हिंदी, उर्दू, लंबाडी, जे असेल ते. ही नावं आजी-आजोबांजवळ आहेत. ती विचारून घेतली नाहीत तर त्यांच्याबरोबरच जातील.

4. मोबाईलवर फोटो काढायचा तर एक पुरत नाही. पूर्ण झाड, पानाची दोन्ही अंगं, फांदीवर पानं कशी लागलीत ते, फूल समोरून आणि बाजूनं, फळ. मोबाईल अ‍ॅप जे नाव सांगतं तो अंदाज समजा, निकाल नाही.

5. नाव कळलं नाही तर नोंदीत तसं स्पष्ट लिहा आणि जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. खोटं नाव देण्यापेक्षा नाव न देणं चांगलं, ही सवय मुलांना आत्तापासून लागू द्या.

6. ओळख पटल्याशिवाय कोणतंही पान, फळ, बी तोंडात घालायचं नाही. मोगली एरंड, धोत्रा, कण्हेर, गुंज आणि कळलावी ही पाच झाडं मुलांना पहिल्या आठवड्यातच दाखवा. हात धुवायला लावा.

7. एखादं झाड एकच असेल तर ते तोडू नका. फोटो आणि नोंद पुरे.

पालकांना एक विनंती. पोरगं खिशात बिया आणि शेंगा घेऊन आलं तर ओरडू नका. त्या आधी हातात घेऊन बघा, विषारी नाहीत ना याची खात्री करा आणि त्या कुठं सापडल्या ते त्याला विचारा.

मुलांना विचारण्यासाठी प्रश्न

1. गोड्या पाण्यातला जेलीफिश पाहून आघारकरांना आश्चर्य का वाटलं असेल?
2. एका झाडाला तीन नावं असली तर काय अडचण येते? दोन झाडांना एकच नाव असलं तर काय?
3. आघाडा, रुई आणि बाभूळ यांचं बी कसं पसरतं? चित्र काढून दाखवा.
4. जलपर्णी नुसती काढून फेकली तरी ती पुन्हा का येऊ शकते?
5. तुमच्या घरी ज्या रानभाज्या खातात त्यांची नावं आणि त्या कुठं उगवतात ते लिहा.

18 नोव्हेंबरला आघारकरांची जयंती असते. त्या सुमारास पावसाळी झाडं फळावर आलेली असतात, नमुने गोळा करायला दिवस चांगले असतात. त्या दिवशी शाळेत दहा कागदांचं छोटं प्रदर्शन मांडता येईल. प्रत्येक कागदाखाली एका विद्यार्थ्याचं नाव असेल. पुढं कधी एखाद्या तज्ज्ञाला धर्माबादच्या शिवारात काय उगवत होतं हे शोधायचं झालं, तर त्या कागदांचा त्याला उपयोग होईल.